2017 चा मॅकबुक प्रो सेकंडहँड घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की 2017 चा तेरा इंची मॅकबुक प्रो स्वस्तात मिळतोय, फक्त इंग्रजी ‘ई’ची (E) की अधूनमधून दोनदा उमटते, आणि विकणारा म्हणतो धूळ असेल, फुंकर मारली की जाईल. घेऊ नका.

धुळीचं तो बरोबर सांगतोय, फुंकरीचं नाही. ॲपलने 2015 मध्ये बारा इंची मॅकबुकमध्ये ‘बटरफ्लाय’ कीबोर्ड आणला आणि 2016 पासून प्रोमध्येही बसवला. आधी कीखाली कात्रीसारखी फुली असायची. इथे पंखांसारखे दोन चपटे तुकडे आणि त्याखाली पत्र्याची इवलीशी वाटी. की जेमतेम अर्धा मिलिमीटर खाली जाते. एवढ्याशा फटीत रव्याहून बारीक कण शिरला तरी की अडते, नाहीतर एका दाबात दोन अक्षरं येतात. लॅपटॉप 75 अंशांत तिरका धरून हवेचा फवारा मारा, असं ॲपलनेच सांगितलं होतं. त्याने कधी सुटते, पण पुन्हा अडणार नाही याची खात्री कोण देणार?

खरी पंचाईत पुढे आहे. कीबोर्ड वरच्या ॲल्युमिनियमच्या भागात रिव्हेट मारून पक्का केलेला, बॅटरी तिथेच चिकटवलेली. एका कीपायी अख्खी टॉपकेस, म्हणजे हा सगळा वरचा भाग, बदलायची! जून 2018 मध्ये ॲपलची फुकट दुरुस्तीची योजना निघाली, पण ती मशिनच्या पहिल्या विक्रीपासून 4 वर्षंच. तुमच्या मशिनची मुदत कधीच संपली. याच कीबोर्डवरून अमेरिकेत चाललेल्या खटल्यात 2022 मध्ये 5 कोटी डॉलरची तडजोड झाली, तीही तिथल्या सातच राज्यांतल्या ग्राहकांसाठी. भारतात पदरमोड करून घेणाऱ्याच्या हाती काहीच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

2018 मध्ये कीखाली सिलिकॉनचा पातळ पडदा आला, 2019 मध्ये आतलं मटेरियल बदललं. तरी ॲपलने तीही मॉडेल्स त्याच योजनेत घेतली, यावरून काय ते समजा. फुली परत आली ती 2019 अखेरच्या सोळा इंचीत, मग 2020 च्या मॅकबुक एअर आणि तेरा इंची प्रोमध्ये. थोडे पैसे वाढवून 2020 चा एअर बघा, ॲपलच्या एम1 चिपचा मिळाला तर उत्तमच.

तरी बघायला जाणारच असाल तर देवनागरी लिहायचा इन्स्क्रिप्ट लेआउट लावून टाइप करा. त्यात इंग्रजी ‘ई’च्या कीवर काना असतो. काका, मामा, बाबा, नाना अशा दहा-बारा ओळी न थांबता लिहा. काना दोनदा उमटला की लगेच डोळ्यांत भरतो. मग स्पेसबार डाव्या आणि उजव्या टोकाला वेगवेगळा दाबून बघा.