ओल दिसते तिथे खोदू नका: ९० मीटरच्या जुन्या ड्रेनेज लाइनची गळती कशी शोधायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकच्या इंदिरानगरातली पंचवीस वर्षं जुनी सोसायटी, मागच्या इमारतीपासून रस्त्यापर्यंत साधारण ९० मीटर जमिनीखालची लाइन, ६ इंची स्टोनवेअर (भाजलेल्या चिनीमातीसारखा) पाइप, दर १५ मीटरवर चेंबर. पार्किंगमधले पेव्हर ब्लॉक दोन जागी खचलेत, पाण्याच्या टाकीजवळ ओल आहे. प्लंबर म्हणतो सगळी लाइन उकरू, आणि कमिटीतले एक काका आवाजावरून गळती शोधणारं मशीन मागवा म्हणतात.

मशीन मागवू नका. ते दाबाखालच्या पाण्याच्या लाइनसाठी असतं. दाबाने पाणी फटीतून बाहेर पडताना जो आवाज होतो, तो ते ऐकतं. ड्रेनेजमध्ये पाणी उताराने नुसतं वाहतं, दाब नाही, म्हणून ऐकण्यासारखं काही नाही. आणि सगळी लाइन उकरायची तर स्टोनवेअरचा एक नग ६० सेंटीमीटरचा, म्हणजे ९० मीटरमध्ये जवळजवळ १५० सांधे. त्यातले खराब बहुतेक मोजकेच असतील. ते कोणते, एवढंच शोधायचं आहे.

आधी टाकीचं बघा, बाकी सगळं नंतर. टाकी रिकामी करून आतून भिंती पाहा. बाहेरची ओल आत झिरपताना दिसली किंवा पाण्याला वास असला, तर ते पाणी पिणं आजच थांबवा आणि ड्रेनेजची तपासणी टाकीला लागून असलेल्या टप्प्यापासून सुरू करा.

मग ती ओल नक्की ड्रेनेजचीच आहे का, हे ठरवा. फूटभर खड्डा घेऊन त्यात साठलेलं पाणी बाटलीत भरा. टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं छोटं यंत्र) नळाचं, बोअरचं आणि खड्ड्याचं असे तीन आकडे घ्या. नळाला येणाऱ्या गंगापूर धरणाच्या पाण्याचा आकडा बोअरपेक्षा बराच कमी येतो, त्यामुळे तुलना सोपी जाते. क्लोरीन तपासायचे थेंब टाकून पिवळा रंग आला तर नळाच्या लाइनवर संशय घ्या. रंग आला नाही म्हणून नळाची लाइन निर्दोष ठरत नाही, कारण मातीतून जाताना क्लोरीन संपतो. सकाळी पाणी सोडल्यावर ओल वाढते का, तेही दोन-तीन दिवस पाहा.

आता मुख्य चूक. ओल दिसली की लोक तिथेच पहार घालतात. आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा दगड. मुरुमात किंवा दगडात खोदलेला चर म्हणजे एक लांबट हौदच. गळलेलं पाणी पाइपाखालच्या वाळूतून चरातच उताराकडे सरकतं आणि एखाद्या चेंबरच्या किंवा टाकीच्या भिंतीला अडलं की वर येतं. म्हणून ओलीची जागा बहुधा गळतीच्या खालच्या बाजूला असते, कधी दहा-दहा मीटर. सांधे उघडतात तेही याच मातीमुळे: पावसाळ्यात फुगते, मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि या उचल-बसमध्ये सिमेंटचा कडक सांधा तडकतो. पेव्हर खचले असतील तर त्या भागात मातीही पाइपात वाहून चालली आहे. चेंबरच्या तळाशी बारीक माती किंवा वाळू साचलेली दिसते का बघा. ज्या चेंबरपासून खाली ती दिसायला लागते, त्याच्या वरचा टप्पा पहिला संशयित.

तपासणी पाण्यानेच करायची, एका वेळी दोन चेंबरमधला एकच टप्पा. फेब्रुवारी ते मे हा काळ उत्तम. ऑगस्टमध्ये जमिनीतलं पाणीच पाइपाच्या वर असतं, त्यामुळे फुटका पाइपही पाणी धरून ठेवल्याचं नाटक करतो. (पावसाळ्यात उलटी परीक्षा करा: पहाटे तीनला, कोणी नळ वापरत नसताना, चेंबरमध्ये स्वच्छ पाण्याची धार वाहत असेल तर बाहेरचं पाणी आत शिरतंय.)

आधी जेटिंगने (दाबाच्या पाण्याच्या फवाऱ्याने) लाइन धुऊन घ्या, नाहीतर पाइपाचं तोंड बंद करायचा प्लग नीट बसत नाही. दुपारी अकरा ते तीनची वेळ धरा, सगळ्या घरांना सांगा, आणि वरच्या चेंबरमध्ये येणारं सांडपाणी उचलून टप्प्याच्या पलीकडे टाकायला एक मड पंप ठेवा. खालच्या चेंबरच्या बाहेर जाणाऱ्या तोंडात आणि वरच्या चेंबरच्या आत येणाऱ्या तोंडात हवेचे रबरी प्लग बसवा. प्लगला दोर बांधून तो वर पक्का अडकवा. हवा प्लगवर लिहिलेल्या दाबाएवढीच, गेज लावून भरायची. मधल्या भागाला एखाद्या घराचं कनेक्शन जोडलेलं असेल तर तेही बंद करा.

६ इंची पाइपात मीटरला साधारण १८ लिटर पाणी मावतं, म्हणजे १५ मीटरला २६५. चेंबरचं धरून ४०० ते ४५० लिटर, दोन-सव्वादोन ड्रम. टँकर लागत नाही. उतार १:६० असेल तर १५ मीटरमध्ये २५ सेंटीमीटरचा फरक पडतो. त्यामुळे वरच्या टोकाचा पाइप पूर्ण बुडण्यासाठी खालच्या चेंबरमध्ये तळापासून ४० ते ४५ सेंटीमीटर पाणी हवं. त्याहून फार वर नेऊ नका. नव्या स्टोनवेअर लाइनला दीड मीटर उंचीच्या पाण्याची परीक्षा असते, ती जुन्या सांध्यांना लावली तर चांगलेही उघडतील. शिवाय पाण्याची पातळी तळमजल्याच्या नहाणी ट्रॅपच्या वर गेली तर घरात पाणी. कागदावरच्या उतारावर विसंबू नका, गवंड्याच्या लेव्हल ट्यूबने दोन्ही चेंबरमधल्या पाइपाचा तळ मोजून घ्या.

पहिला अर्धा तास विटा आणि सांधे पाणी पितात, तो सोडून द्या. पाणी पुन्हा खुणेपर्यंत भरा आणि दर दहा मिनिटांनी पट्टी लावून नोंद करा. १०० मीटर लांबीला, व्यासाच्या दर १० मिलिमीटरमागे तासाला १ लिटर घट चालते. तुमच्या १५ मीटरला हे तासाला सव्वादोन लिटर झालं. ६० बाय ४५ सेंटीमीटरच्या दोन चेंबरमध्ये मिळून एक सेंटीमीटर म्हणजे ५.४ लिटर. म्हणजे अर्ध्या तासात अर्धा सेंटीमीटर उतरलं तरी टप्पा नापास. चेंबरचं प्लास्टर उडालेलं असेल तर दोष त्याचाही असू शकतो. खालच्या चेंबरची दोन्ही तोंडं बंद करून तो वेगळा भरून पाहा.

खरी मजा पुढे आहे, आणि बहुतेक प्लंबर इथेच थांबतात. पाणी उतरतंय म्हटल्यावर प्लग काढू नका, रात्रभर तसंच राहू द्या (तेवढा वेळ मड पंप चालू लागेल). पाणी गळतीच्या पातळीपर्यंत उतरतं आणि थांबतं. सकाळी खालच्या चेंबरमध्ये तळापासून उंची मोजा. समजा १३ सेंटीमीटर. उतार १:६० आहे, म्हणून १३ गुणिले ६० म्हणजे ७८० सेंटीमीटर: त्या चेंबरपासून वर पावणेआठ मीटरच्या आसपास पाइपाच्या बुडाला फट आहे. फट बुडाऐवजी बाजूला असेल तर ती याहून चेंबरच्या जवळ असेल, वर कधीच नाही. पाणी पूर्ण उतरलं तर फट अगदी खालच्या टोकाला, किंवा प्लगच गळतोय. हा आकडा सगळ्यात खालच्या गळतीचा. उतरण्याचा वेग मध्येच एकदम मंदावला असेल तर त्या पातळीला वर दुसरी फटही आहे. पाइप मध्ये कुठे पोटात बसला असेल तर हिशोब चुकतो, म्हणून हे उत्तर अंदाज समजा.

अंदाज पक्का करायला प्लग पाइपात सरकवा. रॉडवर मीटरच्या खुणा करा, वरच्या चेंबरमधून दोन-दोन मीटर पुढे जा, प्रत्येक वेळी प्लगच्या वरचा भाग भरून बघा. जिथे पहिल्यांदा पाणी उतरतं, तिथे आधीच्या आणि आताच्या जागेमध्ये गळती. तीन-चार सांधे उरतात, तेवढंच खोदायचं.

गळलेलं पाणी कुठे बाहेर येतं ते पाहायला रंग टाकायचा तर फ्लुरोसीन (चमकदार हिरवा रंग), दोनशे लिटरला एक चमचा पुरे. पोटॅशियम परमँगनेट नको, मैल्याशी लागून त्याचा रंग उडतो. रंगपंचमीच्या रहाडीतला (रंग खेळायच्या हौदातला) रंग उरला असला तरी तो रहाडीतच बरा; बारीक काळी माती बराचसा रंग धरून ठेवते आणि बाहेर काहीच दिसत नाही. धुराची परीक्षा कोरडे ट्रॅप आणि वासाचं मूळ शोधायला चांगली, पण ओल्या काळ्या मातीतून धूर वर येत नाही. कॅमेरा उपयोगी आहे: मुळं, तुटका पाइप, सरकलेला सांधा मीटरच्या आकड्यासह दिसतो. आत मूळ दिसलं म्हणजे तिथे फट आहेच, पिंपळ-उंबर जवळ असतील तर आधी तिकडे बघा. पण कॅमेऱ्यात धड दिसणारा सांधाही गळू शकतो, आणि साचलेल्या पाण्याखाली तो आंधळाच. म्हणून पाण्याची परीक्षा आधी, कॅमेरा नंतर.

हे सगळं काम वरून करायचं. खोल चेंबरमध्ये कोणालाही उतरवू नका, पाच मिनिटांसाठीही नाही. आतला विषारी वायू दुसरी संधी देत नाही, आणि सुरक्षा साधनांशिवाय सफाईसाठी माणूस उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. रस्त्यातल्या महापालिकेच्या मॅनहोलला हात लावू नका. प्लग काढताना आधी थोडी हवा सोडून पाणी जाऊ द्या, मग दोराने ओढा, आणि प्लगच्या समोर कोणी उभं राहू नये.

खड्डा मीटर बाय मीटर, शेवटचा फूटभर हातानेच. पाइप उघडा असताना पुन्हा पाणी भरा, घाम फुटलेला सांधा डोळ्यांनी दिसेल. तो भाग कापून पीव्हीसीचा तुकडा रबरी कपलरने जोडा. वरून नुसतं सिमेंट थापलं तर पुढच्या मे महिन्यात पुन्हा तडकणार. मग तो टप्पा परत भरून मोजा, आणि हिशोब जुळल्यावरच खड्डा बुजवा. खाली दहा-पंधरा सेंटीमीटर वाळू किंवा बारीक खडी, बाजूंनी मुरूम, १५ सेंटीमीटरचे थर पाणी मारून ठोकत. काढलेली काळी माती परत आत टाकू नका.