ताऱ्याचा ‘ऱ्हास’ होतो की तारा ओसंडतो?

प्रश्न असा आहे: ‘जड जोडताऱ्यांमध्ये वस्तुमानाचा ऱ्हास होऊन त्यांची उत्क्रांती होते’ असं वाक्य वाचनात आलं. ऱ्हास म्हणजे घसरण आणि उत्क्रांती म्हणजे प्रगती, मग दोन्ही एकाच वाक्यात कसे?

खटकलं ते बरोबरच खटकलं. वाक्यातलं विज्ञान चुकलेलं नाही, शब्द मात्र नीट बसलेले नाहीत.

आधी ‘ऱ्हास’. संस्कृतातला ‘ह्रास’, धातू ह्रस्, म्हणजे आपल्या ‘ह्रस्व’चा सख्खा भाऊ. मुळात अर्थ आखूड होणं, कमी होणं एवढाच. पण मराठीत आपण ऱ्हास म्हणतो तो मूल्यांचा, जंगलांचा, साम्राज्यांचा. त्यात पडझड आहे, हळहळ आहे. ती ताऱ्याला लावायचं कारण नाही. माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. ‘ऱ्हास’ फक्त कमी झालं एवढंच सांगतो. कसं कमी झालं आणि गेलं कुठे, हे सांगत नाही. जोडताऱ्यांची, म्हणजे एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांची, सगळी गोष्ट तर तिथेच आहे.

सूर्याच्या आठपट किंवा त्याहून जास्त वस्तुमानाच्या ताऱ्याला साधारणपणे ‘जड’ म्हणतात. (इथे ‘महाकाय’ लिहू नये, तो शब्द फुगून आकाराने मोठ्या झालेल्या ताऱ्यांसाठी राखलेला बरा.) असा तारा एकटा असला तरी वस्तुमान गमावतच असतो. त्याचा प्रकाश इतका प्रखर असतो की त्याच्या रेट्यानेच पृष्ठभागावरचा वायू सेकंदाला हजार-दोन हजार किलोमीटर वेगाने बाहेर फेकला जातो. फार तप्त आणि तेजस्वी तारा वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाचा दहा लाखावा भाग असा उधळू शकतो. यासाठी मराठीत ‘झिजणं’ आहे: संथ, अखंड, सगळ्या बाजूंनी. तारा वाऱ्याने झिजतो, फक्त हा वारा त्याचा स्वतःचाच असतो.

जोडीदार जवळ असला की दुसरं क्रियापद लागतं. दोन्ही ताऱ्यांभोवती गुरुत्वाकर्षणाची एकेक अदृश्य हद्द असते. थेंबासारखी, आणि दोन थेंबांची टोकं मधल्या एका बिंदूत भिडलेली. एदुआर रोश या फ्रेंच शास्त्रज्ञाचं नाव या हद्दीला आहे. तिला मराठीत कुणी ‘रोश मर्यादा’ म्हटलं तर मोठाच घोटाळा होतो, कारण ती वेगळीच गोष्ट आहे: उपग्रह ग्रहाच्या किती जवळ आला की फाटेल, ते अंतर. मी ‘रोशची पाळी’ म्हणतो, कानाची पाळी म्हणतो तसं. आकारही कळतो आणि गोंधळही टळतो.

तारा म्हातारपणी फुगतो आणि ही पाळी भरते. मग त्याचा वायू त्या मधल्या बिंदूतून जोडीदाराकडे वाहू लागतो. हे झिजणं नव्हे, हे ओसंडणं आहे. भांडं काठोकाठ भरलं की सगळ्यात खालच्या काठावरून सांडतं, अगदी तसंच.

हे चालू असलेलं बघायचं तर अभिजित ताऱ्याच्या शेजारचा बीटा लायरी हा जोडतारा घ्या. दोन्ही तारे १२.९ दिवसांत एकमेकांभोवती फेरी मारतात. देणारा आता सूर्याच्या जेमतेम तिप्पट उरलाय, घेणारा तेरापटीच्या आसपास पोचलाय. हलक्याकडून जडाकडे वायू गेला की कक्षा रुंदावते आणि फेरी लांबते. इथे ती दरवर्षी सुमारे १९ सेकंदांनी लांबते आहे. ओसंडणं घड्याळात मोजता येतं, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

याला ‘वस्तुमान हस्तांतरण’ म्हणतात. शब्द रूढ आहे, चालेल. पण हस्तांतरणात या हातातून निघालेलं सगळं त्या हातात पडतं असं वाटतं. इथे बराचसा वायू जोडीबाहेरही निसटू शकतो, एवढं लेखात सांगायला हवं. बाहेरचं हायड्रोजनचं आवरण गेलं की आतला हेलियमचा तप्त गाभा उघडा पडतो. अशा ताऱ्याला ‘नागवलेला तारा’ म्हणावं असं मला मनापासून वाटतं. नागवणं म्हणजे उघडं करणंही आणि लुबाडणंही. इथे दोन्ही अर्थ लागू पडतात.

देवाणघेवाण फार वेगात झाली तर दोघे एकाच वायूच्या वेढ्यात सापडतात. त्याला ‘सामान्य आवरण’ म्हणू नका. जमीन, विहीर, भिंत दोघांची असली की आपण ‘सामाईक’ म्हणतो. तेव्हा ‘सामाईक आवरण’.

हे सगळं अपवादाने घडतं असंही नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार ओ वर्गातल्या अतितप्त ताऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून जास्त तारे आयुष्यात कधी ना कधी जोडीदाराशी अशी देवाणघेवाण करतात. आपल्या ओळखीचा चित्रा तारासुद्धा जोडतारा आहे: सुमारे ११ आणि ७ सूर्यांइतके दोन तारे, चार दिवसांची फेरी, आणि इतके जवळ की परस्परांच्या ओढीने त्यांचा आकार लांबट झालाय. त्यातला जड तारा पुढे फुगेल तेव्हा त्याला जागा कमीच पडणार.

आता ‘उत्क्रांती’. उत् + क्रम्, बाहेर किंवा वर पाऊल टाकणं. वेदान्तात तर उत्क्रांती म्हणजे जिवाने देह सोडून जाणं! प्रगतीचा वास तिला जीवशास्त्रामुळे लागला, आणि तिथेही ती पिढ्यान्‌पिढ्यांची असते. ताऱ्याच्या बाबतीत एकाच ताऱ्यात वयानुसार होणारे बदल अभिप्रेत असतात, म्हणून मी ‘जीवनक्रम’ लिहितो.

जोडताऱ्यांत हा क्रमच उलटा दिसू शकतो. जड तारा इंधन भराभर जाळतो, लवकर म्हातारा होतो, हा नियम. ययाती तारकासमूहातल्या अल्गॉल या जोडताऱ्यात मात्र सूर्याच्या ३.२ पट असलेला तारा अजून भर तारुण्यात आहे आणि ०.७ पट असलेला आधीच उतारवयात पोचलाय. हे तारे काही जड वर्गातले नाहीत, पण कोड्याचं उत्तर तेच: आज हलका दिसणारा एकेकाळी जड होता, त्याने आपलं वस्तुमान देऊन टाकलं.

म्हणून तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘जड जोडतारे स्वतःच्या वाऱ्याने झिजतात, फुगले की जोडीदाराकडे ओसंडतात, आणि त्यामुळे दोघांचाही जीवनक्रम बदलतो.’