डायलिसिस त्यांचं, शुगर माझी

प्रश्न : नमस्कार ताई, मी ५२ वर्षांची, नाशिकला राहते. मागच्या वर्षी माझा एचबीएवनसी (शुगरची रक्ततपासणी) ६.३ आला, डॉक्टर म्हणाले प्रीडायबेटिस आहे, म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर, आत्ताच लक्ष दिलंत तर गोळी टळेल. मी मनावर घेतलं, रोज सकाळी पाऊण तास चालायला जायचे, रात्री भाताऐवजी भाकरी, बेकरीचं सगळं बंद, वजन उतरलं आणि पुढच्या टेस्टला ५.९ आला. मग दिवाळीनंतर ह्यांच्या किडन्या निकामी झाल्याचं कळलं आणि आता सोम-बुध-शुक्र डायलिसिस असतं, सातला बेडवर घेतात म्हणजे सहाला घर सोडायचं. माझं चालणं तिथंच संपलं. हॉस्पिटलच्या कॅंटीनला चहा-बिस्किट, वडापाव, मिळेल ते खाते. भेटायला येणारे केळी, चिकू, मोसंबी आणतात, ती ह्यांना चालत नाहीत, टाकवत नाहीत म्हणून मीच संपवते, कितीदा तेच रात्रीचं जेवण होतं. वजन परत चढलंय, टेस्ट करायची भीती वाटते. ह्यांना दिवसाला १ लिटर पाणी मोजून प्यायचं आणि मी ट्रॅकपॅंट घालून फिरायला निघायचं हे मनाला पटत नाही. त्यात घरात किडनी द्यायचा विषय निघालाय आणि सगळे माझ्याकडेच बघतात. काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, पहिलं म्हणजे ह्याच आठवड्यात टेस्ट करून घ्या. डायलिसिसच्या दिवशी हॉस्पिटलात असताच, तिथल्याच लॅबमध्ये रक्त देऊन टाका, एचबीएवनसीला उपाशीपोटी जायची पण गरज नसते. ५.७ ते ६.४ मध्ये असेल तर अजून प्रीडायबेटिसच आहे, ६.५ किंवा वर आला तर डॉक्टर परत टेस्ट करून नक्की करतील आणि गोळी सुरू करावी लागली तर करायची, त्यात तुमचा पराभव वगैरे काही नाही. ह्या टेस्टमध्ये साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांची शुगर दिसते, म्हणजे आज सुरुवात केलीत तर तीन महिन्यांनी फरक कळेल.

आता चालण्याचं. ती सकाळची पाऊण तासाची फेरी सध्या विसरा, मी मनापासून सांगतेय, कारण ती जमत नाही म्हणून रोज स्वतःला दोष देत बसायचं आणि मग काहीच करायचं नाही असं होतं बऱ्याच जणींचं. तुमच्या आठवड्यात आता दोन जातीचे दिवस आहेत, डायलिसिसचे आणि बाकीचे, तर दोघांना वेगळा हिशोब लावा. आठवड्याला १५० मिनिटं चाला असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, पण ती सलगच हवीत असं नाही, २०२० च्या त्यांच्या नव्या सूचनांमध्ये तर आधीची ‘एका वेळी किमान १० मिनिटं’ ही अटसुद्धा काढून टाकलीय. म्हणजे पाच-सात मिनिटांचे तुकडेही धरायचे.

डायलिसिस चार तास चालतं. मशीन लागलं, पहिला अर्धा तास बीपी नीट राहिलं की तिथल्या सिस्टरना नाहीतर टेक्निशियनना विचारा, मी खाली कंपाउंडमध्ये आहे, फोन चालू आहे, चालेल ना? बहुतेक ठिकाणी नातेवाइकाने आवारात असावं एवढीच अपेक्षा असते, बेडशेजारच्या स्टूलवरच बसून राहायचं असं नसतं. पार्किंगभोवती पंधरा मिनिटं, वर येऊन बघून जा, परत पंधरा मिनिटं. पाऊस असेल तर जिना. घरी आल्यावर ते दमून झोपतात ना, बहुतेकांचं तसंच होतं, तेव्हा तुम्हीही आडव्या व्हा. रात्रीची झोप तुटत असेल तर भूक वाढते, गोडाची तर जास्तच, आणि शुगरही बिघडते, त्यामुळे ती दुपारची झोप आळसात धरू नका.

मंगळवार, गुरुवार, शनिवार, रविवार मात्र जरा मोठी फेरी मारा, आणि डॉक्टरांना विचारून त्यातली दहा मिनिटं दोघं मिळून चाला. डायलिसिसच्या पेशंटनाही झेपेल तेवढं चालणं चांगलं असतं, फक्त फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी ऑपरेशन करून शीर जोडलेल्या हातात पिशवी देऊ नका.

खाण्याचं जरा सविस्तर सांगते, कारण दोन पथ्यांचा एक स्वयंपाक करताना बायका स्वतःचं पथ्य सोडून देतात, सोपं तेच असतं. त्यांना पोटॅशियम कमी हवं, म्हणून भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यायचं हे तुम्हाला डाएटिशियनने सांगितलं असेलच. मग असं करा, भाजी एकदम चिरा, त्यांच्या वाट्याची उकळायला टाका, तुमची तशीच फोडणीला घाला. मीठ दोघांनाही कमीच हवंय, त्यामुळे पापड, लोणचं, फरसाण घरातच नको, ते एकच पथ्य झालं. मात्र बीपीसाठी म्हणून बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं ते घरात आणू नका, त्यात बहुतेकदा पोटॅशियम क्लोराइड असतं आणि ते त्यांना धोक्याचं. अंड्याचा पांढरा भाग दोघांनाही चालतो, त्यांना डायलिसिसमुळे प्रोटीन जास्त लागतं आणि तुमचंही पोट भरतं. चालत असेल तर आदल्या रात्री अंडी उकडून ठेवा.

कॅंटीनला पर्याय म्हणजे तुमचा स्वतःचा डबा, वेगळा. पहाटे साडेपाचला काही करायचं नाही, रात्रीचीच भाकरी आणि मटकीची उसळ भरायची, पर्समध्ये फुटाण्याची पुडी. हे सगळं फक्त तुमचं हां, त्यांना द्यायचं नाही. चहा प्या, साखर कमी सांगा, बिस्किट नको.

आणि ती फळं. ताई, घरी येणारी केळी संपवणं ही तुमची जबाबदारी नाही, कामवाल्या मावशींना द्या, शेजारच्या मुलांना द्या. त्यापेक्षा मुळात येऊच देऊ नका. नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सरळ मेसेज टाका, ‘ह्यांना फळं, नारळपाणी चालत नाही, कृपया आणू नका. त्याऐवजी मंगळवारी किंवा गुरुवारी कोणी दोन तास ह्यांच्याजवळ बसलं तर मला बाहेरची कामं करता येतील.’ लोकांना खरंच काहीतरी करायचं असतं, काय करायचं ते कळत नाही म्हणून फळं आणतात. नणंद, दीर, भाची, कोणाचं तरी उत्तर येईल आणि ते दोन तास तुमचे.

तुम्ही लिहिलंय मनाला पटत नाही. ह्यावर सगळे एकच सांगतात की तुम्ही आजारी पडलात तर त्यांचं कोण करणार. खरं आहे ते, पण मला ते अपुरं वाटतं, कारण त्यात तुमची तब्येत पण त्यांच्याच सेवेसाठी जपायची असं होतं. तुम्ही ५२ च्या आहात, अजून किती आयुष्य आहे, ती शुगर तुमच्या अंगात आहे आणि तिला सांभाळणं हे तुमचं स्वतःचं काम आहे, ह्यांचा आजार असला काय नसला काय. त्यांच्याशी बोलून बघा एकदा. आपल्यामुळे बायकोचं सगळं सुटलं हे त्यांनाही बोचत असणार. घरी त्यांचं वजन आणि बीपी ज्या वहीत लिहिता त्यातच तुमच्या चालण्याचा रकाना करा आणि तो भरायचं काम त्यांच्याकडे द्या. पाणी त्यांच्यासमोर प्यायला नको वाटत असेल तर आत जाऊन प्या, पण प्या, पोटभर.

किडनीचं. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्याप्रमाणे नवरा-बायको एकमेकांना देऊ शकतात. पण आधी देणाऱ्याची शुगर, बीपी, किडनी सगळं कसून तपासतात, डायबेटिस झालेला असेल तर सहसा घेत नाहीत आणि प्रीडायबेटिस असेल तरी डॉक्टर फार विचार करतात, कारण पुढचं आयुष्य तुम्हाला एका किडनीवर काढायचं असतं. आपल्याकडे जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच कितीतरी जास्त आहेत, त्यामुळे घरातल्यांच्या नजरा तुमच्याकडे वळल्या ह्याचं मला नवल नाही, वाईट मात्र वाटतं. ह्यांच्या भावंडांची तपासणी झालीय का? मृत्यूनंतर दान झालेल्या किडनीसाठीच्या वेटिंग लिस्टमध्ये नाव घातलंय का? हे दोन प्रश्न पुढच्या वेळी घरात विषय निघाला की तुम्ही विचारा. आणि नेफ्रॉलॉजिस्टकडे, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांकडे, एकटीने बोलायची वेळ मागून घ्या, सासरचं-माहेरचं कोणी बरोबर न घेता, नव्या एचबीएवनसीचा रिपोर्ट घेऊन जा, आणि द्यायची इच्छा आहे, नाही किंवा अजून ठरत नाहीये, जे असेल ते त्यांना तसंच सांगा.