राजीनाम्याआधी थोडे ऐकून पाहा

प्रिय मैत्रिणीस,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. चौदा वर्षे हिशेबाच्या विभागात काम केल्यानंतर, वयाच्या ३८व्या वर्षी, तुम्हाला समुपदेशक व्हायचे आहे. धाकट्या भावाच्या नैराश्याच्या काळात एका समुपदेशकाने त्याच्याबरोबर साऱ्या घराला सावरले, तेव्हापासून हा विचार मनात आहे. घरचे ‘हे काय वय आहे का?’ म्हणतात आणि पुढच्या महिन्यात राजीनामा द्यावा का, असे तुम्ही विचारले आहे.

राजीनामा एवढ्यात देऊ नका. वयाची चिंता मात्र खुशाल सोडून द्या. समुपदेशनाच्या क्षेत्रात मोठे नाव असलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स शेतीशास्त्र, इतिहास आणि धर्मशास्त्र अशी वळणे घेत मानसशास्त्राकडे आले, तर मनोविश्लेषक एरिक एरिक्सन आधी चित्रकार होते. आयुष्याचे टक्केटोणपे खाल्लेला माणूस या कामात उपरा ठरत नाही.

मी थबकले ती तुमच्या एका वाक्यापाशी: ‘मी सुचवलेला उपाय सगळ्यांना पटतो.’ प्रशिक्षणात सर्वांत आधी हीच सवय बाजूला ठेवावी लागते, आणि ज्यांचा सल्ला आजवर नावाजला गेला त्यांना ते फार जड जाते. सरावाच्या सत्रात समोरची व्यक्ती बोलता बोलता रडू लागते आणि नवख्या प्रशिक्षणार्थीचा हात लगेच रुमालाकडे जातो. मार्गदर्शक नंतर हळूच विचारतात, की रडणे तिला असह्य झाले होते की तुम्हाला? रॉजर्स यांनी १९५७ साली लिहिलेल्या निबंधात उपचारकाकडून अस्सलपणा, विनाअट स्वीकार आणि समानुभूती (समोरच्याचे मन त्याच्या जागी जाऊन समजून घेणे) यांची अपेक्षा केली आहे. उपाय सांगण्याची हातोटी त्यांत नाही.

भावाच्या आजारपणाबद्दलही मोकळेपणाने लिहिते, कारण तुम्ही ते मोकळेपणाने सांगितले आहे. त्या अनुभवातून आलेली ओढ खरी आहे, पण उद्या त्याच्याच वयाचा एखादा मुलगा समोर बसला, तर त्याला वाचवण्याच्या धडपडीत त्याचे म्हणणे ऐकायचे राहून जाईल. म्हणून या वाटेवर पाऊल टाकण्यापूर्वी स्वतः काही महिने समुपदेशन घ्या.

नोकरी सांभाळून, प्रशिक्षण देणाऱ्या एखाद्या मदतवाहिनीवर आठवड्यातून काही तास स्वयंसेवक म्हणून ऐकण्याचे काम करा. अभ्यासक्रम निवडताना आधी एवढे विचारा, की प्रत्यक्ष सत्रे किती करायला मिळतात आणि त्यांवर अनुभवी व्यक्तीची देखरेख असते का. केवळ ध्वनिचित्रफिती दाखवून प्रमाणपत्र देणाऱ्या वर्गांपासून दूर राहा. औषधोपचार हे मनोविकारतज्ज्ञांचे क्षेत्र आहे आणि कोणाला कधी त्यांच्याकडे पाठवायचे, हे ओळखणे समुपदेशकाला आलेच पाहिजे. त्याचप्रमाणे, ऐकलेले गुप्त ठेवायचे असले तरी जिवाला धोका असेल तेथे त्या गुप्ततेला मर्यादा असते, आणि ती पहिल्याच भेटीत सांगावी लागते. सुरुवातीची काही वर्षे मिळकत तुटपुंजी आणि अनियमित असू शकते. हिशेब तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला कळतो, तो घरच्यांसमोर मांडा.

तोवर एक करा. पुढच्या वेळी एखादी सहकारी अडचण घेऊन येईल, तेव्हा वीस मिनिटे एकही उपाय न सुचवता ऐका. नेमक्या कोणत्या शब्दाला तुम्हाला राहवेनासे झाले, ते त्याच रात्री, तिचे नाव न घालता, वहीत लिहून ठेवा, आणि अशा दहा नोंदी झाल्या की मला पुन्हा पत्र लिहा.