वाक्य माझे की पुस्तकातले?

प्रश्न : मी रापणीच्या (मोठ्या जाळ्याच्या) मासेमारीवर प्रबंध लिहीत आहे. वहीतली काही वाक्ये माझी की पुस्तकातली, हेच आता आठवत नाही. काय करावे?
– एक विद्यार्थिनी, मालवण

उत्तर : अशी वाक्ये मूळ पुस्तकाशी ताडून पाहिल्याशिवाय घेऊ नका, मूळ सापडले नाही, तर सोडून द्या. यापुढे जसेच्या तसे उतरवलेले वाक्य तत्क्षणी अवतरणचिन्हांत घालून शेजारी पृष्ठक्रमांक लिहा, आणि सारांश मात्र पुस्तक मिटूनच लिहा. रापण किनाऱ्यावरून ओढतात, या सर्वज्ञात माहितीला संदर्भ लागत नाही. पण रापणकरांत मासळीचे वाटे कसे पडतात याविषयीचे दुसऱ्याचे निरीक्षण स्वतःच्या शब्दांत मांडले, तरी त्याचा उल्लेख करावाच लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दुसऱ्याच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, हे खरे. पण ती उचलेगिरीची सवलत नव्हे.