'ट्रोल' म्हणण्याआधी विळा बुडवायला हवा होता

दादा, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. तासगावकडच्या द्राक्ष ग्रुपवर सांगितल्याप्रमाणे बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, मारला आणि कोवळी पानं करपली, असं तुम्ही टाकलंत. सल्ला देणाऱ्याने तुम्हाला 'ट्रोल' आणि 'कंपनीचा माणूस' ठरवलं, तुम्ही त्याचा बाप काढलात. आता पोलिसात जाऊ का म्हणताय.

पानं का करपली, हे दीडशे मेसेजात एकानेही विचारलं नाही, हे मला जास्त लागलं. एक टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना, हे सगळ्यांना पाठ आहे. पण हवा लागलेला जुना चुना वजनात भरतो, कामात भरत नाही. मग मोरचुदातलं तांबं मोकळं उरतं आणि कोवळं पान भाजतं. विळ्याचं पातं घासून मिनिटभर द्रावणात धरायचं. तांबूस थर चढला तर चुना अजून घालायचा. तुम्ही हे केलं होतं का? त्याने सांगितलं होतं का? भांडण एवढ्याचंच आहे.

मीही एकदा मिरजेकडच्या एका जुन्या बागायतदाराला सगळ्यांसमोर 'एजंट' म्हटलं होतं. माणूस दीड वर्ष ग्रुपवर बोलला नाही. छाटणीतलं त्याचं ज्ञान आम्हाला त्या दोन हंगामांत मिळालं नाही. घरी जाऊन माफी मागितली, तरी पहिल्यासारखा मोकळा झाला नाही.

पोलिसांचं म्हणाल तर बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे, दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते. पण हा गुन्हा अदखलपात्र, म्हणजे शेवटी तुम्हालाच कोर्टात तक्रार घेऊन हेलपाटे घालायचे. आणि तुमची शिवीही त्याच स्क्रीनशॉटमध्ये आहे. ॲडमिनला यात ओढू नका. सदस्याने टाकलेल्या मजकुराला केवळ ॲडमिन आहे म्हणून तो जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय. धमकी आली, बायकापोरांपर्यंत गेलं, तर मात्र त्याच दिवशी ठाणं गाठा.

आज संध्याकाळी त्याला फोन करा. शिवीबद्दल आधी तुम्ही माफी मागा, मग चुना कुठला आणि किती जुना होता ते सांगा. 'ट्रोल' आणि 'कंपनीचा माणूस' हे शब्द त्याने ग्रुपवरच मागे घ्यावेत, हे ठामपणे मागा. तो हक्क तुमचा आहे. फोन उचललाच नाही तर मला कळवा, मी त्याला ओळखतो. दोघांना घेऊन बागेत बसू.