मिनिमम भरून बाकी का हलत नाही?

प्रश्न : माझ्याकडे दोन क्रेडिट कार्डं आहेत. एकावर १,२०,००० रुपये बाकी (महिना ३.५ टक्के), दुसऱ्यावर ३८,००० (३.७५ टक्के). पगार हातात ४४,००० येतो. वर्षभर दोन्हींचं मिनिमम ड्यू (बिलातली किमान भरायची रक्कम) वेळेवर भरतोय, तरी बाकी तिथंच. किराणा, पेट्रोल अजूनही कार्डावरच होतं. – एक वाचक, नाशिक

उत्तर : मोठ्या कार्डाचा एक महिना कागदावर मांडा. १,२०,००० वर ३.५ टक्के म्हणजे ४,२०० रुपये व्याज. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ७५६ रुपये. झाले ४,९५६. मिनिमम ड्यू बाकीच्या ५ टक्के धरलं तर तुम्ही भरता ६,०००, म्हणजे मुद्दलातून गेले १,०४४. धाकट्या कार्डावर १,९०० भरून जेमतेम २१८ रुपये कमी होतात. दोन्हींचे मिळून महिन्याला ७,९०० जातात, त्यातले ६,६३७ व्याजात आणि करात. नवी खरेदी पूर्ण थांबवली, तरी या चालीने बाकी निम्मी व्हायलाच पाच वर्षांहून जास्त लागतील.

आणि खरेदी थांबलेली नाही. मागची बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. डाळ-तांदूळ घेतले त्याच दिवसापासून व्याज सुरू होतं. म्हणून पहिलं काम कार्ड पाकिटातून काढण्याचं. किराणा आणि जेवण मागवायच्या अ‍ॅपमध्ये सेव्ह केलेलं कार्डही काढा, वीजबिल-मोबाइलचं ऑटो-डेबिट बचत खात्यावर वळवा. हे शेवटचं बहुतेकांचं राहून जातं.

दुसरं काम, महाग कर्ज स्वस्त कर्जात बदलणं. नोकरीच्या ठिकाणी पगारदारांची पतसंस्था असेल तर आधी तिथं विचारा. १,५८,००० रुपये १२ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी मिळाले, तर हप्ता साधारण ७,४४० बसतो. बँकेचं वैयक्तिक कर्ज १५ टक्क्यांनी घेतलं तरी ७,६६० च्या आसपास. म्हणजे आज नुसतं मिनिमम म्हणून जितके जातात त्याहून कमी, आणि २४ महिन्यांत खातं कोरं. या कर्जांच्या व्याजावर जीएसटीही नाही, तो फक्त प्रोसेसिंग फीवर लागतो. पतसंस्था जामीनदार मागते आणि अनेक ठिकाणी कर्जातूनच भागाची (शेअरची) रक्कम कापते, तेवढा आकडा अर्जात वाढवून धरा. व्याज घटत्या बाकीवर आहे की फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ रकमेवर), हेही विचारा. फ्लॅट १२ टक्के असेल तर हप्ता ८,१६३ होतो आणि खरा दर २१ टक्क्यांच्या पुढे जातो.

मुदत ठेव असेल तर ती मोडा किंवा तिच्यावर कर्ज काढा. जीएसटी धरून तुमचं कार्ड वर्षाला ४९ टक्क्यांच्या वर पडतंय. त्यापुढे ठेवीच्या व्याजाचा मोह कशाला? कार्डावरून रोकड काढून दुसऱ्या कार्डाचं बिल मात्र कधीही भरू नका. त्यावर सहसा अडीच टक्के फी (किमान ५०० रुपये) लागते आणि व्याज त्याच दिवसापासून.

कर्ज मिळालंच नाही, तर महिन्याला १५,००० ठरवून बाजूला काढा. मोठ्या कार्डावर ६,०००, बाकीचे ९,००० धाकट्यावर, कारण त्याचा दरही जास्त आहे आणि रक्कमही आवाक्यातली. ते पाचव्या महिन्यात संपेल. पुढे सगळे १५,००० मोठ्या कार्डावर, की सव्वा वर्षात दोन्ही मिटतात. बाकी उतरली की बँक मिनिमम कमी करून दाखवते. तुम्ही मात्र आकडा खाली आणू नका.

प्रश्न : चार महिने बिल थकलं आहे. वसुलीचा माणूस म्हणतो, १,४०,००० ऐवजी ६०,००० भरा, विषय संपेल. पैसे त्याच्या यूपीआयवर टाकायला सांगतो. – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : त्याच्या यूपीआयवर एक रुपयाही टाकू नका. तडजोड करायचीच असेल तर आधी बँकेचं पत्र मागा. त्यात कार्डाचे शेवटचे चार आकडे, ठरलेली रक्कम, भरायची तारीख आणि ही रक्कम भरल्यावर काही येणं राहणार नाही असं वाक्य हवं. पैसे थेट कार्डखात्यात भरा आणि नंतर ‘नो ड्यूज’ पत्र घ्या. ते पत्र जपून ठेवा. राहिलेली रक्कम काही वर्षांनी दुसऱ्याच कंपनीकडून मागितली जाते, तेव्हा तेच कामी येतं.

तडजोडीची किंमत क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसते. खात्यापुढे ‘क्लोज्ड’ न येता ‘सेटल्ड’ लागतं आणि पुढे घरकर्ज मागताना बँक तिथंच अडते. पूर्ण रक्कम हप्त्यांनी फेडणं शक्य असेल तर आमचं मत त्या बाजूने आहे. बँकेला लेखी पत्र देऊन बाकी ईएमआयमध्ये बदलून मागा. थकबाकीदारालाही काही बँका देतात.

वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. शिवीगाळ, शेजाऱ्यांना किंवा ऑफिसात फोन, हेही चालत नाही. कॉलची तारीख-वेळ लिहून ठेवा, बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

प्रश्न : मागची बाकी धरून ६२,००० चं पूर्ण बिल शेवटच्या तारखेला भरलं. तरी पुढच्या बिलात दीड हजार व्याज कसं? – एक वाचक, ठाणे

उत्तर : बिल ४ तारखेला निघालं आणि तुम्ही २२ ला भरलं, असं धरू. मागची बाकी असल्याने मधल्या १८ दिवसांचं व्याज चालूच राहिलं. महिना ३.५ टक्क्यांनी ते सुमारे १,२८४ आणि जीएसटी २३१, मिळून १,५१५. ही चूक नाही, उरलेलं व्याज आहे. कार्ड बंद करायचं असेल तर बिलावरचा आकडा भरू नका, कस्टमर केअरकडून त्या दिवसाची नेमकी बाकी विचारून भरा. मग बंद करायचा अर्ज द्या. बाकी शून्य असेल तर ७ कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झालं पाहिजे, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे.

प्रश्न : कार्डावर ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेता येत नाही, असं ऐकलं होतं. – एक वाचक, पणजी

उत्तर : २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने तसं म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो आदेश रद्द केला.